वालेन्सियाला जायचं तर गुरुवार धरून जा

मळ्याकाठी

स्पेनच्या सहलीबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरं ठरलेली असतात: माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिल, ग्रानादा. वालेन्सियाचं नाव निघालंच तर "बार्सिलोनाहून एका दिवसात उरकून या" एवढ्यावर विषय संपतो. मी या गावात राहते आणि हा सल्ला मला मनापासून खटकतो. रेल्वेने जायला तीन तास, यायला तीन तास. मधल्या वेळात पांढऱ्या इमारतींसमोर फोटो काढायचे, घाईत कुठेतरी भात खायचा आणि परतीची गाडी पकडायची. यात ना गाव दिसतं, ना समुद्र, ना धड जेवण होतं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच, की वालेन्सिया बघायचं तर पाण्याचा माग काढत बघावं. या गावाचं सगळं काही पाण्याभोवती आहे. भात, संत्री, किनारा, बाग, आणि संकटंसुद्धा.

आधी नदी. तुरिया नदी गावाच्या अंगाला वळसा घालून समुद्राला मिळायची. १४ ऑक्टोबर १९५७ ला तिला महापूर आला, किमान ८१ माणसं गेली, अर्धं गाव चिखलात बुडालं. त्यानंतर सरकारने नदीच उचलून गावाच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली. जुनं पात्र कोरडं पडलं, तेव्हा तिथून मोठा रस्ता काढायचा बेत होता. लोक विरोधात उभे राहिले. "नदीचं पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवं" ही त्यांची घोषणा होती. ते जिंकले. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे. वरून जुने दगडी पूल जातात आणि त्यांच्या कमानींखालून माणसं सायकल चालवतात, पोरं फुटबॉल खेळतात, म्हातारे बाकांवर बसलेले असतात. गावात आलात की पहिली संध्याकाळ इथेच घालवा. भाड्याची सायकल घेऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे आलात, तर शेवटी वास्तुरचनाकार सान्तियागो कालात्रावाच्या पांढऱ्या इमारतींपाशीच पोचता. त्या सुंदर आहेत, संध्याकाळच्या उजेडात तर फारच. पण त्यांचे फोटो तुम्ही आधीच पाहिलेले असणार, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता शीर्षकातला गुरुवार. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'समोर पाण्याचं न्यायालय भरतं. तुरियाच्या कालव्यांवर शेती करणाऱ्यांनी निवडून दिलेले आठ प्रतिनिधी काळे डगले घालून गोलात मांडलेल्या चामड्याच्या खुर्च्यांवर बसतात. पुकारा करणारा एकेका कालव्याचं नाव घेतो आणि कुणाची तक्रार आहे का विचारतो. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी आणि वालेन्सियन भाषेत. पाळी नसताना पाणी घेतलं, पाट साफ ठेवला नाही, शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडलं, असे वाद. निकाल तिथल्या तिथे लागतो आणि त्यावर अपील नाही. ज्या कालव्याचं भांडण, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. ही व्यवस्था मुसलमानी अमलापासूनची मानली जाते आणि २००९ साली युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बऱ्याच गुरुवारी तक्रार नसते आणि सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं. तरी जा. पावणेबाराला पोचा, म्हणजे पुढे उभं राहायला मिळेल.

तिथून दहा मिनिटं चाललात की 'ला लोंखा', म्हणजे रेशमाच्या व्यापाऱ्यांची पेढी. बांधकाम १४८२ ला सुरू झालं, १९९६ पासून जागतिक वारसा. आत पीळ दिलेले उंच दगडी खांब आहेत. मान वर केली की ते छताला जाऊन माडाच्या झावळ्यांसारखे फुटतात. भिंतींवर वरच्या बाजूला चारी अंगांनी लॅटिनमध्ये एक मजकूर कोरला आहे. जो व्यापारी शब्दाने फसवत नाही, शपथ मोडत नाही, सावकारी व्याज घेत नाही, तो श्रीमंत होईल आणि शेवटी त्याला अनंत जीवन लाभेल, असा त्याचा आशय. ज्या दालनात सौदे व्हायचे, तिथेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हे लिहून ठेवलंय. मला ही गोष्ट फार आवडते.

समोरच मेर्कात सेन्त्राल, १९२८ ची मंडई. लोखंड, काच आणि रंगीत फरशांची. सोमवार ते शनिवार, दुपारी तीनपर्यंत. रविवारी बंद.

खाण्याबद्दल आणि किनाऱ्याबद्दल प्रतिसादात लिहिते, नाहीतर हे फार लांबेल. प्रश्न विचारा.

दर्यावर्दी_मालवण

उत्तम धागा. मी जर्मनीत असतो, गेल्या सप्टेंबरात गेलो होतो. किनाऱ्याबद्दल माझी भर घालतो.

गावातून ट्राम थेट मालवारोसाला जाते. किनारा रुंद, वाळू बारीक, पाणी बराच वेळ कमरेएवढंच. आपल्याकडच्यासारखी भरती-ओहोटी जाणवत नाही, त्यामुळे सकाळी जिथे पथारी टाकली तिथेच संध्याकाळी उठलो. हंगामात जीवरक्षक असतात आणि झेंडे लावतात. हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. जेलीफिश आले असतील तर त्याचीही सूचना असते. पाय धुवायला नळ असतात. उत्तरेला चालत गेलं की पाताकोना लागतो, तिथे जरा शांतता.

पण मला आवडला तो एल सालेर. गावाच्या दक्षिणेला, बसने. मागे पाइनची झाडी, मध्ये वाळूच्या टेकड्या, पुढे समुद्र. दुकान नाही, की भोंगा नाही. पाणी आणि टोपी सोबत न्या.

मळ्याकाठी

दर्यावर्दी, एल सालेरची आठवण काढलीत ते बरं केलंत. त्या टेकड्या आज आहेत त्या लोकांमुळे. साठ-सत्तरच्या दशकात तिथे उंच इमारती आणि हॉटेलांची वसाहत करायचं ठरलं होतं. काही इमारती उभ्याही राहिल्या, टेकड्या सपाट केल्या गेल्या. "एल सालेर लोकांसाठी" म्हणून चळवळ झाली, उरलेला बेत रद्द झाला आणि १९८६ मध्ये शेजारच्या आल्बुफेरा सरोवरासह सगळा भाग नैसर्गिक उद्यान म्हणून जाहीर झाला. नंतर टेकड्या पुन्हा रचून त्यावर मूळची झुडपं लावली. म्हणून तिथे लाकडी पायवाटेवरूनच चालायचं, टेकडीवर चढायचं नाही. एवढं सगळ्यांनी पाळावं अशी विनंती.

मालवारोसाला गेलात की मागच्या काबान्याल वस्तीत जरूर फिरा. ही कोळ्यांची जुनी वस्ती. बैठी घरं, दर्शनी भिंतीला वेगवेगळ्या रंगांच्या चकाकत्या फरशा. एक रुंद रस्ता समुद्रापर्यंत नेण्यासाठी यातली शेकडो घरं पाडायची योजना १९९८ मध्ये पुढे आली. रहिवासी वर्षानुवर्षं भांडले आणि २०१५ नंतर ती योजना बारगळली. काही घरं अजून पडीक दिसतील. चित्रकार होआकीन सोरोया (१८६३–१९२३) याच गावचा. याच किनाऱ्यावरचे कोळी, शिडं, पाण्यात खेळणारी पोरं त्याने रंगवली.

अक्षता_वसई

छान माहिती. माझा प्रश्न नेहमीचाच: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आणि सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, आठला जेवून दहाला झोपणारे. जमेल का?

मळ्याकाठी

अक्षता, जमेल. फक्त काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

इथे दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू होतं आणि तेच मुख्य जेवण. रात्रीचं नऊच्या आधी बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरच उघडत नाही. त्यामुळे सासू-सासऱ्यांना दुपारी बाहेर पोटभर जेवू घाला आणि रात्रीसाठी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. डाळ-तांदूळ, दही, भाज्या सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. कोथिंबीर-मिरचीसाठी रुसाफा भागात जा. तिथे आशियाई दुकानं आहेत, वीगन हॉटेलंही बरीच.

नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. हॅमचे तुकडे आणि ट्यूना बऱ्याच जणांच्या लेखी मांसात धरतच नाहीत. साध्या सॅलडवर ट्यूना येतो, हिरव्या शेंगांच्या भाजीत हॅम असतो, क्रोकेतास या तळलेल्या गोळ्यांमध्ये बहुधा हॅमच. तेव्हा "सोय बेखेतारियाना, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून, सिन उएवो" असं सगळं म्हणा. शेवटचं अंड्यासाठी. भाज्यांचा पाएया (इथला कढईतला भात) मागवाल तेव्हा रस्सा भाज्यांचाच आहे ना, हे विचारायचं: "काल्दो दे बेर्दुरास?" कोंबडीच्या किंवा मासळीच्या पाण्यात शिजवलेला भात भाज्यांचा म्हणून पुढे येऊ शकतो.

बिनधास्त खाण्यासारखं: टोमॅटो चोळलेला पाव, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, ऑलिव्ह, मीठ लावलेले बदाम, भाजलेल्या भाज्या. तळलेली वांगी घेताना पिठात अंडं आहे का विचारा.

आणि ओर्चाता. ही घ्यायलाच हवी. चुफा नावाचे छोटे, सुरकुतलेले कंद भिजवून, वाटून, गाळून साखर घालतात आणि गारेगार देतात. दुधाचा थेंब नाही. हे झाड आपल्याकडच्या लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातलं. गावाच्या उत्तरेला आल्बोराया आहे, मेट्रोने जाता येतं. तिथल्या शेतातच चुफा पिकतो आणि ताजी ओर्चाता तिथेच प्यावी. सोबत फार्तोन नावाची लांबट गोड पावाची कांडी देतात, तिच्यात मात्र अंडं असतं.

गाव सपाट आहे, त्यामुळे ज्येष्ठांना चालायला सोपं. फक्त कॅथेड्रलच्या मिकालेत मनोऱ्यावर चढवू नका. २०७ पायऱ्या, अरुंद आणि गोल, लिफ्ट नाही.

पाटकरी_धुळे

पाण्याच्या न्यायालयाबद्दल वाचून लिहायला बसलो. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे.

आमच्याकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती आणि काही गावांत अजून आहे. नदीवर लहान लहान बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. कोणत्या फडात यंदा कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार, त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांनी द्यायचा. सरकारी खात्याच्याही आधीपासून हे चालत आलं. पाण्याची चोरी होऊ नये म्हणून कुंपण उपयोगाचं नसतं, शेजारी उपयोगाचा असतो, हे मी नोकरीत रोज पाहिलं.

म्हणून विचारतो. वालेन्सियात अजून खरोखर शेती उरली आहे का? का न्यायालय फक्त पर्यटकांपुरतं आहे? आणि ज्याच्या कालव्याचं भांडण तो निकालाला नाही, मग निकाल कोण देतो?

मळ्याकाठी

पाटकरी काका, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला.

शेती आहे, पण आक्रसली आहे. गावाभोवतीच्या मळ्यांना इथे 'ओर्ता' म्हणतात. रस्ते, गोदामं आणि इमारतींनी त्यातला बराच भाग गिळला. उरलेल्यात चुफा, आर्टिचोक, कांदे, कोबी होतात. आल्बोरायाला उतरलात की काळीभोर सरी-वरंब्याची रानं दिसतात आणि कडेने पाट वाहतो. लोखंडी दार उचलून पाणी घेतात, अगदी तुमच्या ओळखीचं दृश्य. न्यायालयाचा निकाल कायद्याने मानला जातो, तो देखावा नाही.

निकालाचं म्हणाल तर, नदीच्या उजव्या तीरावरच्या कालव्याचं प्रकरण असेल तर निकाल डाव्या तीरावरचे सुचवतात, आणि उलट. एका काठाचा दुसऱ्या काठाच्या पाण्यात स्वार्थ नसतो, म्हणून.

तुम्ही आलात तर मला नक्की कळवा. तुमच्यासोबत पाटावरून चालायला आवडेल.

खवैय्या_गिरगाव

पाएयाबद्दल सविस्तर लिहा ना. मी लंडनमध्ये खाल्लाय, कोळंबी, शिंपले, चोरिसो सॉसेज, सगळं घातलेला. तोच ना?

मळ्याकाठी

तो नव्हे. चोरिसोचं नाव इथे काढू नका, लोक खरंच दुखावतात.

वालेन्सियन पाएया हा शेतावरचा पदार्थ. त्यात कोंबडी, ससा, रुंद हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे चपटे पावटे, टोमॅटो, लाल मिरचीची पूड, केशर, ऑलिव्ह तेल, पाणी, मीठ आणि तांदूळ. काही घरांत गोगलगायी, काही घरांत रोझमेरीची काडी. कांदा नाही. मासळी नाही.

पाएया हे मुळात त्या पसरट, दोन कानांच्या कढईचंच नाव. एका काबान्यालच्या घरात शेजीबाईने केलेला बघितला, तो क्रम सांगते. परसात संत्र्याच्या लाकडाचा जाळ. आधी तेलात मांस सावकाश, अगदी गडद होईपर्यंत परतलं. ते कडेला सारून मध्ये शेंगा. मग किसलेला टोमॅटो, तो आटून तेल सुटल्यावर मिरचीपूड, आणि ती जळायच्या आत पाणी. अर्धा-पाऊण तास ते उकळलं. तांदूळ शेवटी, मुठीने पसरून. आणि त्यानंतर चमचा लावायचा नाही. ढवळलं की भात चिकट होतो. आधी जाळ मोठा, मग लाकडं बाहेर ओढून मंद. शेवटी ती कान लावून ऐकत होती. पाणी संपलं की तळाशी तडतडायला लागतं, ती खरवड धरल्याची खूण. त्याला सोकार्रात म्हणतात. भाताचा थर जेमतेम बोटभर. सगळे कढईभोवती बसतात आणि लाकडी चमच्याने आपापल्या समोरचं खातात, शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा नेत नाहीत.

तांदूळ आल्बुफेराच्या खाचरातला. सेनिया रस्सा छान पितो पण पटकन गिचका होतो, बोम्बा जास्त वेळ तग धरतो, म्हणून हॉटेलं बोम्बा पसंत करतात.

हॉटेलात खाताना: पाएया दुपारी खायचा, रात्री नाही. कमीत कमी दोन माणसांसाठी करतात. चांगल्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं आणि तरी अर्धा तास थांबावं लागतं. मागवल्यावर पाच मिनिटांत आला तर तो आधीच करून ठेवलेला. दारात रंगीत फोटोंचा फलक असलेल्या जागा टाळा.

मासळीवाल्यांसाठी आरोस आ बान्दा, म्हणजे मासळीच्या रश्शातला भात. शेवयांची फिदेउआ, काळ्या शाईतला आरोस नेग्रे. मे ते ऑगस्टमध्ये क्लोचिना हे इथले छोटे शिंपले, आणि तेलात लसणीवर परतलेल्या नखाएवढ्या तेयिना शिंपल्या. गिरगावकरांना तेयिना आवडणारच.

आणखी एक, जे पर्यटकांना माहीत नसतं: आल्मुएर्सो. सकाळी दहा-अकराला कामकरी माणसं बारमध्ये बसतात. हातभर लांब पाव, त्यात काहीही भरलेलं, टेबलावर शेंगदाणे आणि ऑलिव्ह, शेवटी क्रेमाएत, म्हणजे पेटवून घेतलेल्या रमवरची कॉफी. स्वस्त आणि मस्त.

दर्यावर्दी_मालवण

आल्बुफेराला जरूर जा. गोड्या पाण्याचं मोठं सरोवर, समुद्रापासून झाडीच्या पट्ट्याने वेगळं झालेलं. २४ नंबरची बस एल पाल्मार गावापर्यंत जाते. संध्याकाळी नावेतून फिरवतात. मी गेलो तेव्हा भाताची कापणी चालू होती आणि यंत्रामागून बगळ्यांची रांग. तिथे ईल माशाचं लसूण-मिरचीतलं कालवण मिळतं, आयी पेब्रे. मला जमलं, बायकोला नाही.

अक्षता_वसई

२०२४ च्या पुराच्या बातम्या पाहिल्या होत्या. आता जाणं सुरक्षित आहे ना? आणि कोणता महिना बरा?

मळ्याकाठी

२९ ऑक्टोबर २०२४. वालेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसं गेली. गावाचा मुख्य भाग वाचला, कारण १९५७ नंतर खोदलेल्या त्या नव्या पात्राने पाणी वाहून नेलं. पण त्या पात्राच्या दक्षिणेकडची पाइपोर्ता, कातारोखा, आल्फाफार ही गावं एल पोयोच्या ओढ्याने बुडवली. दुसऱ्या दिवसापासून हजारो माणसं, बहुतेक तरुण, फावडी आणि खराटे घेऊन त्या पात्रावरच्या पुलावरून चालत पलीकडे गेली. मीही गेले होते. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. फक्त एक सांगते: या गावांत चिखलाचे फोटो काढायला जाऊ नका. जायचंच तर तिथल्या दुकानात खरेदी करा, तिथल्या बारमध्ये जेवा.

गावात फिरायला अडचण नाही. शरद ऋतूत मुसळधार पाऊस येऊ शकतो, तेव्हा हवामान खात्याचा इशारा बघत जा. फोनवर सरकारी भोंगा वाजला तर तो गंभीरपणे घ्या आणि कोरड्या ओढ्या-नाल्यांजवळ थांबू नका.

महिना म्हणाल तर मे, जून आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये घामाच्या धारा, आणि गावातली कितीतरी चांगली हॉटेलं महिनाभर बंद. मार्चमध्ये फाय्यास असतो. मोठमोठ्या रंगीत प्रतिमा चौकाचौकात उभ्या करतात आणि १९ तारखेच्या रात्री जाळतात. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा मास्क्लेता होतो, आवाज छातीत बसतो. बघण्यासारखं आहेच, पण सासू-सासऱ्यांना घेऊन नाही. त्या दिवसांत झोप मिळत नाही आणि राहण्याचे दर फार चढतात.

अक्षता_वसई

मग सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरते. कच्चा बेत: बुधवारी माद्रिदहून रेल्वेने, संध्याकाळी तुरियाची बाग. गुरुवारी न्यायालय, लोंखा, मंडई. शुक्रवारी आल्बोराया, ओर्चाता आणि पाताकोना. शनिवारी काबान्याल आणि रात्री पाएया. रविवारी आल्बुफेरा. सोमवारी संग्रहालयं आणि परत.

मळ्याकाठी

छान बसवलंत. तीन बदल करा. गुरुवारी मंडई आधी, सकाळी दहाला. न्यायालय, लोंखा उरकेपर्यंत तिथे आवराआवर सुरू होते. पाएया शनिवारी दुपारी, शुक्रवारीच फोन करून "सोलो बेर्दुरास", म्हणजे फक्त भाज्या, असं सांगून ठेवा. आणि सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, ती शुक्रवारी सकाळी उरकून सोमवार समुद्राला द्या.

पाटकरी_धुळे

मुलगा म्हणतो, बाबा, पासपोर्ट काढा. अर्ज भरायला घेतला आहे. शेतकरी पाणी सोडतात ते बघायला किती वाजता जावं लागेल?

मळ्याकाठी

काका, ते ज्याच्या त्याच्या पाळीवर. उन्हाळ्यात सकाळी लवकर गेलं तर भेट होण्याची शक्यता जास्त. तारीख ठरली की कळवा, तिथल्या एका शेतकऱ्याशी माझी ओळख आहे, त्यांना आधीच विचारून ठेवते.